न कोरलेल्या अक्षराची खोली

संगणकावर लोगो काढताना अक्षरांना पैलू पाडण्याची एक रीत आहे. अक्षराची बाह्यरेषा घ्यायची, तिच्या पोटातून मधोमध जाणारी रेघ शोधायची, प्रत्येक कोपऱ्यापासून त्या मधल्या रेघेपर्यंत एक तिरकी रेघ ओढायची आणि त्यातून पडणाऱ्या तुकड्यांत एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा भरायच्या. एवढे झाले की पडद्यावरचे अक्षर छिन्नीने दगडात कोरल्यासारखे दिसू लागते. तिथे छिन्नी नसते, दगड नसतो, केसभरही खोली नसते. असतात ते सपाट बहुकोन आणि त्यांचे रंग. अशा अक्षराविषयी पडणारा प्रश्न नुसता आवडीनिवडीचा नाही. जे नाही ते दिसायला लावणे म्हणजे खोटे बोलणे का, असा तो आहे. संकल्पनकारांच्या जगात गेली काही वर्षे हा आरोप उघडपणे केला जातो. मायक्रोसॉफ्टने 2010च्या सुमारास आपल्या ‘मेट्रो’ शैलीची जी तत्त्वे मांडली त्यांत अस्सल डिजिटल असणे हे एक तत्त्व होते. 2013 साली ॲपलने आयफोनच्या पडद्यावरून चामड्याची शिवण आणि हिरवी बनात पुसून टाकली. आणि त्यानंतर सपाट ते प्रामाणिक, उठावदार ते खोटे अशी भाषा सर्रास होऊ लागली. ही भाषा नीतीची आहे, म्हणून तिची तपासणीही नीतीच्या आणि ज्ञानाच्या कसोट्यांवर व्हायला हवी. माझे म्हणणे असे, की भास निर्माण करणे आणि असत्य सांगणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पैलूदार अक्षर पहिली क्रिया करते, पण तेवढ्याने ते दुसरीचे दोषी ठरत नाही. दोष लागतो की नाही हे त्या अक्षराकडून कोण काय वदवून घेतो यावर ठरते.

आधी हे अक्षर बनते कसे ते जवळून पाहू, कारण उत्तराचा बराचसा भाग त्या कृतीतच आहे. बाह्यरेषेपासून सारख्या उताराने आत शिरणारी पृष्ठे जिथे एकमेकांना भेटतात तिथे मधली रेघ तयार होते. चौपाखी घराचे छप्पर वरून पाहिले तर जसे दिसेल तशीच ही आकृती असते: मध्ये आढे, कोपऱ्यांतून आढ्याकडे चढणारे कोनवासे आणि त्यांच्यामधल्या पाख्या. आकाराच्या या मध्यरेषेची गणिती व्याख्या हॅरी ब्लम यांनी 1967 साली मांडली, पण पाथरवटाच्या हाताला ती त्याआधी कैक शतके ठाऊक होती, कारण इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच कोरली की तिच्या तळाशी हीच रेघ उमटते. आता उजेड आणायचा. प्रकाश डावीकडून वरून येतो असे धरले, तर कोरलेल्या उभ्या दांड्याची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी भिंत उजळते. पृष्ठ प्रकाशाकडे जितके वळलेले तितके ते अधिक उजळ, आणि हे प्रमाण प्रकाशाची दिशा व पृष्ठाचा लंब यांच्यातल्या कोनाच्या कोज्येवर ठरते, हा योहान लॅम्बर्ट यांनी 1760 साली मांडलेला नियम. मग ‘र’ घ्या. त्याची शेपटी डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरते, म्हणजे नेमकी प्रकाशाच्याच दिशेने. तिच्या दोन्ही पाख्यांवर सारखाच उजेड पडतो, दोहोंची छटा एक होते आणि मधली रेघ दिसेनाशी होते. सगळे अक्षर खोल आणि शेपटी तेवढी सपाट! यावर दोन उपाय आहेत. एकट्या शेपटीची एक बाजू मनाने गडद करायची, किंवा संपूर्ण शब्दासाठीच प्रकाश थोडा फिरवायचा आणि प्रत्येक अक्षराचा प्रत्येक पैलू नव्याने रंगवायचा. चांगला कलावंत दुसरा मार्ग धरतो. दगड नसताना, कुणी मोजायला येणार नसताना, तो एका कल्पित सूर्याशी इमान राखतो. ज्या कृतीत इतकी बांधिलकी लागते तिला सरसकट खोटी म्हणण्याआधी थांबायला हवे.

याच कृतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोरलेले दिसणारे अक्षर अर्धा फेरा फिरवून उलटे धरले तर ते बहुधा उठावाचे दिसू लागते. खाच आणि उंचवटा यांची ही अदलाबदल शास्त्रज्ञांना जुनी परिचयाची आहे. तिचे कारण असे, की उजेड वरून येतो हे आपली दृष्टी न विचारता गृहीत धरते. म्हणजे कागदावरच्या छटा ‘इथे खोली आहे’ असे सांगतच नाहीत. त्या काही उजळ आणि काही गडद तुकडे समोर ठेवतात. खोली पाहणाऱ्याच्या अनुमानातून येते. नैयायिकांच्या पद्धतीने बोलायचे तर भ्रम हा वस्तूत नसतो, वस्तूला लावलेल्या विशेषणात असतो. छटा खऱ्या आहेत, त्यांची मांडणी खरी आहे. ‘खोल’ हे विशेषण पाहणाऱ्याने जोडलेले आहे. यावर कोणी म्हणेल, की विशेषण त्याने जोडावे अशीच तर रचना केली होती. हे खरे आहे, आणि आक्षेपाचा जोरही याच ठिकाणी आहे. म्हणून त्याचे जे सर्वांत समर्थ वकील होऊन गेले त्यांच्याशीच बोलले पाहिजे.

पहिला प्लेटो. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तो नेमके हेच उदाहरण घेतो. रंगांमुळे डोळा चकतो आणि एकच वस्तू एकदा आत गेलेली व एकदा बाहेर आलेली दिसते; छायाप्रकाशाने रंगवणारा चित्रकार आपल्या स्वभावातल्या या कमजोरीचा फायदा घेतो. यावर मोजणे, गणणे आणि तोलणे हा त्याने सांगितलेला उतारा. आत्म्याचा जो भाग मापावर विश्वास ठेवतो तो श्रेष्ठ, जो दिसण्यावर भाळतो तो कनिष्ठ, अशी त्याची विभागणी आहे. विचार भारदस्त आहे, पण पैलूदार अक्षरापाशी तो अडतो, कारण इथे भास मोजण्यातूनच जन्मतो. मध्यरेषा मापाने सापडते, पैलूची छटा कोनाच्या मापाने ठरते, आणि संगणकावरच्या व्हेक्टर रेखाटनात तर प्रत्येक बिंदूला आकड्यांतले स्थान असते. ‘र’च्या शेपटीची दुरुस्ती ज्याने केली त्याने प्लेटोच्या श्रेष्ठ भागाचाच वापर केला. पाहणारालाही हवे तेव्हा मोजता येते. बोट फिरवले की पृष्ठ सपाट आहे हे कळते. मापाला पूर्ण वाव ठेवून जो भास उभा राहतो तो बुद्धीचा शत्रू कसा?

दुसरा वकील जॉन रस्किन, आणि त्याचा दावा जास्त नेमका आहे. 1849 साली निघालेल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये सत्याच्या दीपावर लिहिताना त्याने वास्तुकलेतल्या फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले: खऱ्याहून वेगळ्या आधाररचनेचा देखावा, लाकडावर संगमरवर रंगवण्यासारखे, किंवा सपाट भिंतीवर कोरीव नक्षीचा भास उभा करण्यासारखे रंगकाम, आणि यंत्राने बनवलेले अलंकरण. पैलूदार अक्षरावर दुसरे कलम जसेच्या तसे लागू होते असे वाटेल. पण रस्किन मोठा विचारवंत होता, आणि मोठ्या विचारवंताप्रमाणे त्याने आपल्याच नियमाची मर्यादाही दाखवली. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा फसवणूक नव्हे, असे तो म्हणतो, कारण भिंत भरीव सोन्याची असेल असे कोणी मानत नाही; दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक, कारण तिथे तो सोने म्हणूनच घेतला जातो. सिस्टाइन प्रार्थनागृहाच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगवलेल्या खोट्या वास्तुरचनेलाही तो दोष देत नाही. म्हणजे खुद्द रस्किनच्या मते फसवणूक पृष्ठभागावर ठरत नाही, पृष्ठभागाविषयी लोकांची जी रूढ समजूत असते तिच्यावर ठरते. ही कसोटी लोगोला लावा. पावतीवर, मोबाईलच्या पडद्यावर, दुधाच्या पिशवीवर छापलेले अक्षर दगडात कोरलेले आहे असे जगात कोणीही समजत नाही. रस्किनच्या न्यायालयात हा खटला मुलाम्याच्या निकालावरच सुटतो.

आणि ज्या दगडाच्या नावाने हा खटला भरला जातो, तो दगड तरी किती निर्भेळ होता? रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इसवी सन 113चा लेख आहे. रोमन मोठ्या अक्षरांचा तो मानदंड मानला जातो. 1989 साली कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी ॲडोबीसाठी त्यावरून ‘ट्राजन’ हा फॉन्ट काढला. या अक्षरांच्या टोकांना असणारे बारीक फाटे छिन्नीमुळे आले असे दीर्घकाळ मानले जाई. एडवर्ड कॅटिच या अमेरिकी कॅथलिक धर्मगुरूने ते अमान्य केले. कॅटिच स्वतः अक्षरे रंगवणारा आणि पाटीच्या दगडात ती कोरणारा माणूस होता. त्या लेखाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून 1968 साली ‘द ओरिजिन ऑफ द सेरिफ’ या पुस्तकात त्याने दाखवले, की अक्षरे आधी चपट्या कुंचल्याने दगडावर लिहिली गेली आणि कोरणाराने त्या फटकाऱ्यांमागून छिन्नी चालवली. फाटे कुंचल्याच्या वळणातून आले, जाड-बारीकपणा कुंचल्याच्या कोनातून आला. शिवाय कोरून झाल्यावर रंग होताच: भिंतीवरच्या, संगमरवरावरच्या आणि थडग्यांवरच्याही लेखांची अक्षरे शेंदरी रंगाने अधिक स्पष्ट होतात, अशी नोंद रोमन लेखक थोरल्या प्लिनीने करून ठेवली आहे. म्हणजे ज्या अक्षराला आपण दगडाचे शुद्ध अपत्य समजतो ते खाली कुंचला आणि वर रंग अशा दोन थरांमध्ये जन्मले. कोरीव अक्षर ही लिहिलेल्या अक्षराची नक्कल होती. ‘साहित्याशी प्रामाणिक राहा’ हा उपदेश रोमन कारागिराने पाळला असता तर त्या लेखातले एकही अक्षर आज आहे तसे झाले नसते.

नकलेची पुढची पायरी इटलीतच पडली. पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर पादुआ आणि व्हेनिसच्या परिसरात हस्तलिखितांची आद्याक्षरे पैलू पाडून रंगवायची पद्धत रुजली. रोमन शिलालेखांवर जीव टाकणाऱ्या विद्वानांच्या वर्तुळातली ही गोष्ट. कलेचे इतिहासकार मिलर्ड मीस यांनी 1957 साली या अक्षरांचा संबंध चित्रकार मान्तेन्याशी जोडून त्यांचा अभ्यास केला. बार्तोलोमेओ सान्वितो या लेखनिकाच्या पोथ्यांत अशी अक्षरे रत्नासारखी बसवलेली दिसतात. त्याने लिहिलेल्या प्रार्थनापुस्तकांतही ती आहेत. ज्यांच्या धर्मात असत्य हे पाप होते ते लोक चर्मपत्रावर दगड रंगवलेली पुस्तके हातात धरून देवाची प्रार्थना करत. आजचा संकल्पनकार पेन टूलने जे करतो ते त्यांनी कुंचल्याने केले होते, आणि त्या अक्षरांत त्यांना प्राचीनांविषयीचा आदर दिसत होता.

आपल्याकडच्या विचारात तर हा प्रश्न अधिक खोलवर गेलेला आहे. बौद्ध आचार्य असंगाच्या परंपरेतल्या ‘महायानसूत्रालंकार’ या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात एक दृष्टांत येतो: रीतसर काढलेल्या चित्रात उंचसखलपणा नसतो आणि तरीही दिसतो, तसेच ज्ञाता आणि ज्ञेय हे द्वैत नसते आणि तरीही दिसते. हा ग्रंथ साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला, आणि अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी पाचव्या शतकातली. म्हणजे बौद्ध आचार्य ज्या भासाचा दृष्टांत देत होते तोच भास त्याच युगातले बौद्ध चित्रकार वाघूर नदीच्या वळणावर भिंतींवर उभा करत होते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नाकाच्या दांड्यावरचा उजळ पट्टा पाहावा. चेहरा भिंतीतून पुढे येतो तो त्या पट्ट्यामुळे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने तर सखल आणि उंच भाग वेगळे दाखवू शकणाऱ्यालाच चित्र कळले असे मानले. लक्षात घेण्यासारखे हे, की द्वैताला भ्रम म्हणणाऱ्या त्या बौद्ध दर्शनाने चित्रातल्या उंचसखलपणाला दोष दिलेला नाही. दोष आहे तो त्याला खरे मानून त्याच्याशी आसक्त होण्यात. अद्वैत वेदान्तातही असाच एक भेद सांभाळलेला आहे. दोरीवरचा साप दोरी कळताच जातो. पण जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक मुळात पांढरा आहे हे कळल्यावरही लालच दिसत राहतो, जोवर फूल जवळ आहे तोवर. पैलूदार अक्षर दुसऱ्या जातीचे. ते सपाट आहे हे काढणाऱ्याला ठाऊक असते, पाहणाऱ्याला ठाऊक असते, आणि दोघांनाही ते खोलच दिसते. ज्ञानाने जो भास मावळत नाही आणि ज्याच्यामुळे कोणाचे ज्ञान बिघडतही नाही, त्याला असत्याच्या खात्यात कसे टाकायचे?

काश्मीरच्या श्रीशंकुकाने नवव्या शतकात यासाठी एक वेगळी जागाच करून दिली. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून आणि मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तून कळते. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती खऱ्या ज्ञानाची नसते, मिथ्या ज्ञानाची नसते, संशयाची नसते आणि नुसत्या साम्याचीही नसते. ती या चौघांहून निराळी असते, असा हा चित्रतुरगन्याय. अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांना हे पटले नाही. शेंदूर वगैरे रंगांनी प्राण्याच्या अवयवांसारखी एक मांडणी होते, आणि पाहणाऱ्याला तिचे साम्य कळते, एवढेच, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप घोड्याच्या बाबतीत मला बिनतोड वाटतो. पण अक्षराच्या बाबतीत तो पुरा पडत नाही. चित्रातल्या घोड्यावर बसता येत नाही. चित्रातले अक्षर मात्र वाचता येते, आणि पूर्णपणे वाचता येते. रंगवलेला ‘र’ हा ‘र’सारखा नसतो, तो ‘र’च असतो. म्हणजे इथे वस्तू खरी आहे, तिचे काम खरे आहे. भास आहे तो फक्त ती कशात घडली त्याविषयी. तौतांच्या आक्षेपातून अक्षर सुटते आणि शंकुकाने न पाहिलेल्या जागी उभे राहते: स्वतः खरे असलेले आणि अंगावर चित्र ल्यालेले. भासाचा वाटा इतका आक्रसल्यावर फसवणुकीचा आरोप कशावर उभा करायचा हे आरोप करणाराने सांगायला हवे.

सत्य म्हणजे काय याची माझ्या मते सर्वांत कामाची व्याख्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, दुसऱ्या पादाच्या तिसाव्या सूत्रावर लिहिताना आली आहे. वाणी ही आपला बोध दुसऱ्याकडे पोचवण्यासाठी असते. ती फसवी नसावी, चुकीची नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न देणारी वांझही नसावी. या व्याख्येत सत्याचे ठिकाण वस्तू किंवा पृष्ठभाग नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारा बोध हे ते ठिकाण आहे. मला जे ठाऊक आहे त्याहून वेगळे तुझ्या मनात पोचवले तर मी खोटा. या कसोटीवर खरा कोरीव लेखही नापास होऊ शकतो, आणि झालेलाही आहे. हर्षवर्धनाचा 631 सालचा मधुबन ताम्रपट सांगतो, की एक गाव एका ब्राह्मणाने कूटशासनाच्या, म्हणजे बनावट दानपत्राच्या, जोरावर भोगले होते. राजाने ते शासन मोडून गाव दुसऱ्यांना दिले. कोरण्याची खोली अस्सल असूनही मजकूर बनावट असू शकतो, हे त्या काळच्या राजालाही पक्के माहीत होते. बनावट ताम्रपट हुडकणे हे आजही पुराभिलेखतज्ज्ञांचे नेहमीचे काम आहे. खोलीचा आणि खरेपणाचा संबंध इतका सैल असेल, तर खोली खरी नाही एवढ्यावरून सपाट अक्षराला खोटे ठरवता येत नाही. भाष्यातल्या बाकीच्या दोन कसोट्या मात्र या अक्षरांना काटेकोरपणे लावाव्यात. एका अक्षरावर उजेड डावीकडून आणि शेजारच्यावर उजवीकडून, ही चूक आहे. पैलूंच्या गर्दीत नाव वाचताच येत नाही, बोटाच्या नखाएवढ्या आकारात त्याचा राखाडी ठिपका होतो, हा वांझपणा आहे. प्रामाणिकपणाच्या नावाखाली जी अक्षरे मोडीत काढली गेली त्यांतली बरीचशी या दोन दोषांची होती. त्यांच्यावर फसवणुकीचा तिसरा आरोप विनाकारण चढवला गेला.

आता श्रमाचा आक्षेप. मला तो सर्वांत जड वाटतो. पाथरवटाचा घाव मागे घेता येत नाही. एक कपची जास्त उडाली की अख्खी शिळा वाया जाण्याची भीती असते; त्या भीतीतून, त्या सावधपणातून कोरीव अक्षराला वजन येते. पडद्यावर एक कळ दाबली की चूक पुसली जाते. जे जोखमीतून मिळाले नाही त्याने जोखमीचे रूप घ्यावे का? रस्किनचे यंत्राविषयीचे तिसरे कलम याच दुःखातून आले होते, आणि ते दुःख खरे आहे. जिथे श्रम हाच मोबदल्याचा विषय आहे, तिथे मी हा आक्षेप पूर्णपणे मान्य करतो. स्मारकशिळा हाताने कोरून देतो म्हणून पैसे घेतले आणि वाळूच्या झोताने, म्हणजे सँडब्लास्टिंगने, खाच पाडून दिली, तर ती सरळ लबाडी आहे, मग खोली कितीही खरी असो. पण लोगो श्रमाचा दाखला म्हणून कोणी घेत नाही आणि कोणी देत नाही. शिवाय आज ग्रॅनाइटच्या पुष्कळ पाट्यांची अक्षरे आधी व्हेक्टरमध्येच काढली जातात. त्या रेषेवरून प्लॉटर रबराची जाळी कापतो आणि वाळूचा झोत दगड खातो. ट्राजनच्या लेखात जे स्थान कुंचल्याचे होते ते आता पडद्यावरच्या रेषेचे झाले आहे. दगड आधी आणि चित्र मागून, हा क्रम तेव्हाही नव्हता. श्रमाविषयी आदर असेल तर तो जिवंत पाथरवटाला त्याच्या घावाचा रास्त मोबदला देऊन दाखवावा. पडद्यावरची अक्षरे सपाट केल्याने त्याच्या घरात एक रुपयाही जात नाही.

उरतो टिकाऊपणाचा प्रश्न, आणि इथे माझी बाजू मी स्वतःच मर्यादित करतो. दगडाचे रूप घेतलेले अक्षर आपल्याबरोबर काही सूचना आणते: हे जुने आहे, हे टिकेल, यामागे कोणीतरी उभे आहे. अशोकाने दिल्ली-तोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात धर्मलेख दगडावर कोरायला सांगितले ते दीर्घकाळ टिकावेत म्हणूनच. पण त्याच अशोकाने चौदाव्या शिलालेखात, काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल तर त्यात लिपिकाराची चूकही असू शकते, असे कोरून ठेवले. टिकाऊ साधन हाती असताना आपल्या उणिवेची कबुलीही त्याने त्याच दगडावर दिली, म्हणून त्याच्या अक्षरांचे वजन मला खरे वाटते. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेल्या ओळी आहेत. मूर्ती चावुंडराजाने करवली आणि भोवतालचे आवार गंगराजाने, एवढेच त्या सांगतात. मूर्तीही समोर आहे, आवारही समोर आहे. अक्षराने जे म्हटले त्याचा पुरावा अक्षराच्या शेजारी उभा आहे. लोगोची परीक्षा अशीच व्हायला हवी. कालपरवा निघालेल्या पतपेढीने किंवा शिक्षणसंस्थेने कोरीव अक्षरांत नाव लिहिले, तर ती एक शैली झाली. टिकून राहण्याची इच्छाही त्यात असेल, आणि इच्छा खोटी नसते. त्याच नावाखाली तिने नसलेले स्थापनावर्ष टाकले, नसलेली परंपरा सांगितली, तर पैलू त्या असत्याचे साथीदार झाले. ठेवीदाराने ताळेबंद मागावा आणि त्याच्या हाती भारदस्त अक्षर ठेवले जावे, हा खरा गुन्हा आहे. यावर असे म्हणता येईल, की सूचनाही फसवतेच. शब्दांत न सांगता वजन भासवणे ही चतुर लबाडी झाली. पण मग सपाट अक्षरालाही तोच न्याय लावावा लागेल. सपाट, गोल कडांची, मोकळी अक्षरे साधेपणा आणि पारदर्शकता सुचवतात, आणि त्या अक्षरांआड ग्राहकाची माहिती परस्पर विकणे शक्य असते. दोन्ही शैलींना सूचना चिकटलेल्या आहेत. त्यांतल्या एकीलाच नैतिक म्हणण्याला आधार नाही.

म्हणून लोगो काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पैलू पाडायचे असतील तर निःसंकोच पाडा. हे काम जुने आहे, कष्टाचे आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र नाव आधी एकाच काळ्या रंगात, लहान आकारात छापून पाहा. तिथे ते वाचले जात नसेल तर पैलूंनी ते झाकू नका. रोमन मोठ्या अक्षरांसाठी बनवलेले तयार पैलू (बेव्हल) देवनागरीवर तसेच चढवू नका. शिरोरेखा दांड्याला मिळते तिथली कोनरेघ, ‘व’च्या पोटाची गोलाई, जोडाक्षरातली अडचणीची जागा, हे सगळे हाताने सोडवा, आणि सगळ्या शब्दावर एकच उजेड ठेवा. लोगो करून घेणाऱ्या संस्थांनी अक्षराखाली छापायचे स्थापनावर्ष आपल्या नोंदणीच्या कागदावरून उतरवून द्यावे.